पानाचे वजन

(द्वितीय वर्ष, कला)

एखादी गोष्ट महत्त्वाची आहे असे आपण म्हणतो, ते कशाच्या आधारावर? पुस्तक जाड आहे म्हणून ते महत्त्वाचे ठरत नाही आणि मुखपृष्ठावर तसे छापले आहे म्हणूनही नाही. ज्याच्या शब्दाला मान आहे असा कोणी 'हे वाच' म्हणतो, म्हणून आपण ते हाती घेतो. ज्या घरांत दोन-तीन पिढ्या शिकलेल्या आहेत तेथे असे सांगणारे माणूस घरातच भेटते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आणि आई कल्याण पूर्वेला पोळीभाजी केंद्र चालवते. कोणता विषय घ्यावा, कोणत्या लेखकाचे पुस्तक प्रमाण मानावे, शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे मिळतो, हे विचारावे असे घरात कोणी नव्हते. म्हणून मोबाईलवरील सर्च इंजिनला, म्हणजेच शोधयंत्राला, विचारायचे. माझ्यासारख्या अनेकांच्या घरात हे शोधयंत्रच आता वडीलधारे माणूस होऊन बसले आहे.

वडीलधाऱ्यांचे ऐकावे हे खरे, पण ते अमुक एक गोष्ट का सांगतात हे समजून घ्यायला हरकत नसावी. लाखो पानांतून एक पान वर आणि बाकीची खाली, हा निवाडा शोधयंत्र कशावरून करते? ते सारी पाने वाचून, समजून, गुण देते काय? की आणखी काही आहे? गणिताशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तरीही या प्रश्नाचा गाभा साध्या बेरीज-भागाकारात समजतो, आणि तो कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा इतका आपल्या जवळचा आहे, असे मला वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

शब्द पुरे पडत नाहीत

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपण शब्द टाकतो त्या क्षणी शोधयंत्र जगभर धावत सुटत नाही. त्याने पाने आधीच वाचून ठेवलेली असतात. जाड ग्रंथाच्या शेवटी जशी शब्दसूची असते, अमुक शब्द पृष्ठ १२, ४७ व २०३ वर, तशीच प्रचंड सूची त्याच्याजवळ तयार असते. आपण शब्द दिला की ते सूची उघडते आणि तो शब्द ज्या पानांवर आहे ती पाने बाजूला काढते. हे काम अवघड असले तरी त्यात निवाडा नाही. निवाड्याची वेळ पुढे येते.

आपल्याच गावांची नावे घ्या. 'ठाणे' हा शब्द दिला तर शहराचे पान निघेल, जिल्ह्याचे निघेल आणि महाराष्ट्रातील एकूण एक पोलीस ठाण्यांची पानेही निघतील. 'कल्याण' दिले तर दुर्गाडी किल्ल्याचे कल्याण येईल, समाजकल्याण खाते येईल, महिला व बालकल्याण समिती येईल आणि गाणाऱ्यांचा राग कल्याणही येईल. डोंबिवली तेवढी या घोटाळ्यातून सुटली आहे. शब्द तोच, पाने हजारो. यांतील वरच्या दहा जागा कोणाला द्यायच्या?

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात जी शोधयंत्रे निघाली (१९९५ मध्ये आलेले अल्टाव्हिस्टा हे त्यांतील एक नावाजलेले) त्यांचा मुख्य भर शब्दांवर होता. शब्द किती वेळा आला, मथळ्यात आला की मजकुरात, यावरून ती क्रम लावीत. यातली फट लोकांनी लगेच ओळखली. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत एकच शब्द शंभर वेळा लिहून ठेवायचा. वाचकाला तो दिसत नाही, यंत्राला मात्र दिसतो. म्हणजे स्वतःच स्वतःची आरती ओवाळायची आणि यंत्राने तीच भक्ती समजायची! पानाने स्वतःबद्दल काय म्हटले आहे, एवढ्यावरून त्याचे महत्त्व ठरविता येत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

विश्वकोशातील बाण

मग महत्त्व ठरवायचे कोणी? याचे उत्तर ग्रंथालयांच्या जगात आधीपासूनच होते. आपल्या ग्रंथालयातील मराठी विश्वकोशाचा कोणताही खंड उघडून पाहा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून निघालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या नोंदींत जागोजागी लहान बाण दिसतात आणि बाणापुढे दुसऱ्या नोंदीचे नाव असते. अर्थ असा की, हा मुद्दा नीट समजायचा तर तिकडे जा. एखाद्या नोंदीकडे कोशातील कितीतरी नोंदींतून बाण येत असतील तर ती नोंद त्या ज्ञानशाखेच्या मध्यभागी आहे हे, ती न वाचताही, कळू शकते. महाजालावरील दुवा, ज्याला आपण सर्रास लिंक म्हणतो, तो असाच एक बाण आहे. बोट ठेवले की दुसरे पान उघडते, एवढाच फरक.

बाण मोजण्याची कल्पना विज्ञानाच्या क्षेत्रात यूजीन गारफील्ड या अमेरिकन गृहस्थांनी पद्धतशीरपणे राबविली. कोणत्या शोधनिबंधाचा आधार पुढे कोणकोणत्या निबंधांनी घेतला, याची सूची त्यांनी १९६४ पासून प्रसिद्ध करावयास प्रारंभ केला. ज्याचा उल्लेख अधिक, तो निबंध अधिक प्रभावी, असा हिशेब त्यातून सुरू झाला. पण यात एक उणीव होती. मोठ्या शास्त्रज्ञाने घेतलेला आधार आणि कोणा ऐऱ्यागैऱ्याने केलेला उल्लेख, दोन्हींची किंमत एकच. १९७६ सालीच, म्हणजे आपल्या विश्वकोशाचा पहिला खंड निघाला त्याच वर्षी, गॅब्रिएल पिन्स्की व फ्रान्सिस नारिन या दोघांनी यावर उपाय सुचविला. नियतकालिकाचे वजन नुसत्या उल्लेखांच्या संख्येवर ठरवू नये, उल्लेख करणाऱ्याचे स्वतःचे वजन किती तेही धरावे.

हे आमच्या आईला कोणी शिकवावे लागले नाही. तिच्याकडे गिऱ्हाईक येते ते एकमेकांच्या सांगण्यावरून. वाटेने जाणाऱ्या दहा जणांनी 'तिकडे पोळ्या बऱ्या मिळतात' म्हटल्याने जे होत नाही ते शाळेतल्या एका बाईंच्या शब्दाने होते, कारण त्या बाईंचे शंभर जण ऐकतात. मात्र त्याच बाई गावातील प्रत्येक केंद्राची शिफारस करू लागल्या तर त्यांच्या शब्दाची किंमत वाटली जाऊन उरणार किती? पिन्स्की-नारिन यांचा विचार या दोन वाक्यांत जवळजवळ सगळा आला.

तीन पाने, तीनशे रुपये

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लॉरेन्स पेज आणि सर्गे ब्रिन हे दोन संशोधक विद्यार्थी होते. दोघांचाही जन्म १९७३ चा, म्हणजे तेव्हा जेमतेम पंचविशीचे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे १९९८ साली भरलेल्या परिषदेत त्यांनी आपल्या शोधयंत्रावर निबंध सादर केला, आणि त्याच वर्षी गूगल ही कंपनी स्थापन झाली. पानाचे वजन मोजण्याच्या त्यांच्या रीतीला 'पेजरँक' म्हणतात. पेज म्हटले की आपल्याला आजारपणातली भाताची पेज आठवते, पण येथे पेज म्हणजे पान, आणि पेज हे त्यातल्या एका कर्त्याचे आडनावही.

रीत अशी. पानाचे वजन म्हणजे त्याच्याकडे दुवा देणाऱ्या पानांकडून त्याला मिळालेल्या वाट्यांची बेरीज. आणि प्रत्येक पान आपले वजन, ते ज्यांना दुवा देते त्यांच्यात सारखे वाटून टाकते. येथे कोणीही विचारील, की माझे वजन तुझ्यावर आणि तुझे माझ्यावर अवलंबून, तर सुरुवात कोठून करायची? हा तर 'आधी कोंबडी की आधी अंडे' असा पेच झाला! परंतु तो सुटतो. एक उदाहरण कागदावर मांडून पाहू.

क, ख आणि ग अशी तीनच पाने आहेत असे समजा. क हे ख आणि ग या दोघांना दुवा देते. ख फक्त ग ला देते. ग फक्त क ला देते. प्रारंभी तिघांजवळ शंभर-शंभर रुपये ठेवू. पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपले सगळे रुपये वाटायचे. क चे पन्नास ख ला, पन्नास ग ला. ख चे शंभर ग ला. ग चे शंभर क ला. फेरी संपली तेव्हा क जवळ १००, ख जवळ ५० आणि ग जवळ १५०. पुन्हा तशीच फेरी घ्या. आता क जवळ १५०, ख जवळ ५०, ग जवळ १००. तिसऱ्या फेरीत १००, ७५ आणि १२५. चौथीत १२५, ५० आणि १२५. आकडे वरखाली होतात, पण त्यांचे हेलकावे हळूहळू लहान होत जातात. शेवटी ते क १२०, ख ६० आणि ग १२० येथे स्थिरावतात. यानंतर कितीही फेऱ्या घ्या, बदल नाही. तेच त्या पानांचे वजन. सुरुवात कोठूनही केली तरी शेवट येथेच येतो, म्हणून कोंबडी-अंड्याचा पेच उरत नाही.

आता क आणि ख यांच्याकडे लक्ष द्या. दोघांकडेही येणारा दुवा एकेकच आहे. तरी क चे वजन ख च्या दुप्पट. असे का? क ची शिफारस वजनदार ग ने केली आणि ती त्याची एकमेव शिफारस होती. ख च्या वाट्याला क चा अर्धाच शब्द आला. नुसते दुवे मोजले असते तर दोघे समान ठरले असते. पेजरँकचे सारे वैशिष्ट्य या एका फरकात आहे. आपल्या निबंधात त्या दोघांनी नमूद केले आहे, की २ कोटी ६० लाख पानांची अशी वजने एका मध्यम प्रतीच्या संगणकावर काही तासांत काढता येतात. पानांवर काय लिहिले आहे, याचा या हिशेबात कोठेही संबंध येत नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याकडे पुढे वळायचे आहे.

भटका प्रवासी

हीच गोष्ट दुसऱ्या रीतीनेही सांगता येते, आणि ती आपणा लोकलच्या प्रवाशांना अधिक लवकर पटेल. एक बिनकामाचा प्रवासी कल्पा. त्याला कोठेच जायचे नाही. प्रत्येक स्थानकावर उतरायचे, समोर जितक्या दिशा असतील त्यांतली एक नाणेफेक केल्यासारखी निवडायची आणि पुढचे स्थानक गाठायचे, असा त्याचा उद्योग. वर्षभर तो असा हिंडला तर सर्वांत जास्त वेळा कोठे सापडेल? गर्दी पाहिली तर डोंबिवलीला तोड नाही. पण डोंबिवलीहून गाडी दोनच दिशांना जाते. कल्याणला ठाण्याकडचा, कसाऱ्याकडचा आणि कर्जतकडचा असे तीन मार्ग एकत्र येतात. म्हणून तो डोंबिवलीपेक्षा कल्याणला अधिक वेळा सापडेल. दिव्याला वसई आणि पनवेलचे फाटे आहेत, तर ठाण्याहून २००४ पासून वाशीकडे लोकल जाऊ लागली. तेथेही त्याच्या खेपा वाढतील. महाजालात असाच एक भटका वाचक दुव्यादुव्यांवरून हिंडतो असे मानले, तर तो ज्या पानावर जितका काळ सापडेल तितके त्या पानाचे वजन. हिशेब तोच, नुसता वेष निराळा.

या भटकंतीचे गणित आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाते. आपणा साहित्याच्या विद्यार्थ्यांना मौज वाटेल, की १९१३ साली मार्कोव्ह यांनी ते तपासून पाहण्यासाठी पुश्किनची 'येव्गेनी ओनेगिन' ही काव्यरूप कादंबरी घेतली, तिच्यातील २०,००० अक्षरे मोजली आणि स्वरानंतर स्वर किती वेळा येतो, व्यंजन किती वेळा, याचा तक्ता केला. शोधयंत्राच्या वंशावळीत एक कादंबरीही आहे!

परंतु रेल्वे आणि महाजाल यांत एक मोठा फरक आहे. लोकलने कसाऱ्याला गेलेला माणूस लोकलनेच परत येतो. दुवा मात्र एकाच दिशेने जातो. मी माझ्या पानावरून विश्वकोशाकडे दुवा दिला म्हणून विश्वकोशाकडून माझ्याकडे येण्याची वाट तयार होत नाही. त्यामुळे दोन अडचणी उभ्या राहतात. काही पानांवरून कोठेच दुवा नसतो, तेथे प्रवासी अडकून पडतो. आणि काही पाने फक्त एकमेकांनाच दुवे देतात. त्या फेऱ्यात एकदा शिरलेला प्रवासी बाहेर पडतच नाही, आणि सगळे वजन तेथे साचत जाते.

यावर उपाय असा केला, की प्रवासी अधूनमधून कंटाळतो असे मानायचे. शंभरांतील पंच्याऐंशी वेळा तो दुव्यावरून पुढे जातो. उरलेल्या पंधरा वेळा सगळे सोडून जगातील कोणत्याही पानावर, चिठ्ठी उचलल्याप्रमाणे, जाऊन बसतो. आपल्या तीन पानांच्या उदाहरणात हे धरले तर वजने साधारण क ११६, ख ६४ आणि ग ११९ अशी येतात. थोरांचे थोडे कमी झाले, धाकट्याचे थोडे वाढले. याहून महत्त्वाचे असे, की ज्या पानाकडे एकही दुवा येत नाही, ज्याची ओळखपाळख कोणाशीच नाही, त्याचेही वजन शून्य राहत नाही. त्या पंधरांतला लहानसा वाटा त्याला मिळतोच. गणिताची गाडी अडू नये म्हणून केलेली ही सोय आहे, त्यात दयाबुद्धी नाही, हे मला कळते. तरीही कोणाचीही ओळख नसताना प्रवेशाच्या रांगेत उभे राहिलेल्यांना ती वाचून बरे वाटेल.

शिफारसींचा बाजार

जेथे शिफारशीला किंमत आली तेथे शिफारशींचा बाजार भरणारच. आपले पान वर यावे म्हणून लोकांनी शेकडो पोकळ पाने उभी केली, आणि त्या सर्वांवरून मुख्य पानाकडे दुवे दिले. दुवे विकत मिळू लागले. शोधयंत्रांनीही मग आपली तपासणी वाढविली. २००५ साली गूगल आणि इतर शोधयंत्रांनी एक खूण मान्य केली. ती खूण लावलेला दुवा म्हणजे 'वाट दाखवीत आहे, पण शिफारस करीत नाही'. २०१२ साली गूगलने 'पेंग्विन' नावाचा बदल केला, आणि बनावट दुव्यांवर वर चढलेली कित्येक पाने खाली घसरली. पानाचे पेजरँक किती, हे पूर्वी सर्वांना पाहता येई. तो आकडा लोकांना दाखविणे २०१६ मध्ये बंद झाले. आज पानाचा क्रम ठरविताना शब्दांचा अर्थ, पानाचा ताजेपणा, शोधणाऱ्याचे ठिकाण, त्याची भाषा अशा पुष्कळ गोष्टी विचारात घेतल्या जातात, आणि दुव्यांचे वजन ही त्यांतील एक. अलीकडे तर काही शोधांना पानांच्याही वर यंत्राने स्वतः रचलेले उत्तर येते. पण तेही उत्तर कोठल्या तरी पानांवरूनच घेतलेले असते, म्हणून कोणती पाने यंत्राच्या नजरेत भरतात हा प्रश्न जुना होत नाही.

मापाबाहेर काय राहते

आता मघाशी राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे वळतो. या हिशेबात पानावरील मजकूर खरा की खोटा हे कोठे पाहिले? कोठेच नाही. तराजू वजन सांगतो, माल शुद्ध आहे की भेसळीचा हे सांगत नाही. एखाद्या प्राध्यापकांनी एखाद्या लेखाचे वाभाडे काढण्यासाठी त्याचा दुवा दिला, तर मूळ हिशेबात तोही दुवा शिफारस म्हणूनच जमा होतो. दुसरे असे, की जे पान वर असते तेच अधिक लोक पाहतात, अधिक लोक पाहतात म्हणून अधिक जण त्याचा दुवा देतात, आणि दुवे वाढले म्हणून ते वरच राहते. बळी तो कान पिळी, हा न्याय येथेही लागू पडतो.

आणि सर्वांत वर जे दिसते ते प्रत्येक वेळी वजनाने वर आलेले असते असेही नाही. आमच्या चाळीतील एका काकूंनी मुलाच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मोबाईलवर शोध घेतला. सर्वांत वर आलेले पान सरकारीच असणार अशा विश्वासाने त्यांनी तेथे पैसे भरले. ते पान एका दलालाचे होते. त्यावर बारीक अक्षरांत 'जाहिरात' असे लिहिलेले होते. ती जागा पैसे देऊन घेतलेली, दुव्यांच्या वजनाशी तिचा संबंध नाही. सरकारचे 'आपले सरकार' हे संकेतस्थळ त्याच्या खालीच होते. सुशिक्षित घरात कोणीतरी 'जरा खाली बघ' म्हणाले असते. काकूंना म्हणणारे कोणी नव्हते. वर असणे म्हणजे खरे असणे नव्हे, हे कळणे आपल्यासारख्यांच्या घरात रुपयांचा प्रश्न आहे.

मराठीची गोष्टही येथेच सांगायला हवी. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाखांहून अधिक लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदविली. आपल्या भाषेत लिहिणारे कमी नाहीत. पण वर्षानुवर्षे मराठी मजकूर संगणकावर 'शिवाजी'सारख्या टंकांत लिहिला गेला. त्यात पडद्यावर अक्षर मराठी दिसे, पण यंत्राच्या पोटात साठत ते इंग्रजी अक्षर. शोधयंत्राच्या सूचीत असे पान निरर्थक इंग्रजी अक्षरांची माळ म्हणून जाई. जगातील सर्व लिप्यांसाठी केलेल्या युनिकोड या संकेतात देवनागरीला १९९१ पासूनच स्थान होते, परंतु ती सोय सर्वत्र वापरात यायला पुष्कळ वर्षे गेली. शिवाय युनिकोडमध्ये लिहिलेल्या पानांचीही एक अडचण आहे. आपण मराठीत लिहितो, पण आधार सांगताना मराठी पानांचा दुवा देत नाही. 'एका अभ्यासकाने म्हटल्याप्रमाणे' असे लिहून मोकळे होतो. मजकूर एकाच्या पानावरून दुसऱ्याच्या पानावर नावाविना उतरविला जातो. ज्याने मूळ कष्ट केले त्याच्याकडे बाणच येत नाही. मग शोधयंत्राला तो दिसावा कसा? यात यंत्राचा दोष थोडा आणि आपल्या सवयीचा अधिक आहे.

आपल्या हाती काय आहे

स्टॅनफर्डचे काम चालू होते त्याच सुमारास कॉर्नेल विद्यापीठातील जॉन क्लाइनबर्ग यांनी त्याच प्रश्नाचे थोडे निराळे उत्तर मांडले. त्यांच्या मते चांगली पाने दोन प्रकारची असतात. एक अधिकारी पाने, ज्यांच्याकडे पुष्कळ जण बोट दाखवितात. दुसरी वाटाडी पाने, जी स्वतः फारसे काही सांगत नाहीत, पण अधिकारी पानांकडे नेमके बोट दाखवितात. चांगला वाटाड्या कोण? जो चांगल्या अधिकाऱ्यांकडे नेतो तो. चांगला अधिकारी कोण? ज्याच्याकडे चांगले वाटाडे नेतात तो. दोघांची किंमत एकमेकांमुळे वाढते.

मला या विचारात आपल्यासाठी एक काम दिसते. द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी अधिकारी पान लिहावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. वाटाडे होणे मात्र आपल्याला आजही जमेल. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. आमच्यासारख्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट नव्हते, तेव्हा 'हे घे, हे वाच' म्हणण्याचे काम अशा संस्थांनी केले. तेच काम महाजालावर आपल्या परीने का करू नये? प्रत्येक विभागाने आपल्या विषयावरील दहा मराठी पाने निवडावीत. विद्यार्थ्यांनी ती वाचावीत, प्राध्यापकांनी तपासावीत, आणि प्रत्येकापुढे ते का वाचावे हे दोन ओळींत लिहून ती यादी महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवावी. शिष्यवृत्ती आणि दाखल्यांसाठी खरी सरकारी पाने कोणती, त्यांचीही एक यादी असावी. प्रकल्प लिहिताना ज्याचा आधार घेतला त्याचे नाव आणि दुवा द्यायचाच, असा नियम आपण स्वतःपुरता केला तरी पुष्कळ होईल. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर आपल्या गावाची, वाचनालयाची, स्थानकाची नोंद उघडून तिला योग्य आधार जोडता येतो. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

शोधयंत्राने महत्त्व स्वतः निर्माण केलेले नाही. लोकांनी एकमेकांकडे दाखविलेली बोटे त्याने मोजली, एवढेच त्याचे काम. आपण बोट दाखविले नाही तर ते दुसऱ्यांनी दाखविलेली बोटे मोजील, आणि त्यांच्या भाषेतील पाने आपल्याला वाचायला देईल. येत्या जूनमध्ये प्रथम वर्षात येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण आपल्या घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात येतील. ते मोबाईलवर मराठीत काहीतरी विचारतील. त्यांना उत्तर म्हणून दलालाचे पान मिळावे की आपण तपासून ठेवलेले, हे काही अंशी तरी आपल्या हाती आहे. ज्या विभागाला या यादीचे काम सुरू करायचे असेल त्याने पहिल्या दहा पानांच्या वाचनासाठी माझे नाव घालावे.